फुलदाणीतल्या फुलाच्या मनात शिरायचं कसं

देठासकट कापलेल्या फुलाच्या बाजूने चार ओळी लिहा म्हटलं, की बहुतेक जण थेट आकांतालाच हात घालतात. "मला माझ्या आईपासून तोडलं." "आता माझं मरण जवळ आलं." "माणसा, किती रे तू निर्दयी!" मी वनस्पतींची चित्रं काढते आणि शिकवते. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला पेन्सिल हातात घेण्याआधी एक पान फुलाच्या तोंडून लिहावं लागतं, त्यामुळे अशी वाक्यं मी भरपूर वाचली आहेत. लिहिणाऱ्याची कळकळ खरी असते, यात शंका नाही. पण त्या पानावर फूल कुठेच सापडत नाही. गुलाबाच्या जागी शेवंती घाला, शेवंतीच्या जागी कळपातून चुकलेलं कोकरू घाला, एक शब्दसुद्धा बदलावा लागत नाही.

म्हणून मी उलट्या टोकाने सुरुवात करायला सांगते. फुलाला काय वाटत असेल, हा प्रश्न बाजूला ठेवा. फूल आत्ता काय करतंय, ते आधी बघा. फुलदाणीतलं फूल मेलेलं नसतं. ते पाणी ओढतं, श्वसन करतं, उजेडाकडे वळतं, उमलतं, वास सोडतं, काही फुलं तर उंचीनेही वाढतात. त्याचा प्रत्येक तास कामात जातो. ती कामं नीट कळली, की त्याची हुरहूर कुठे असेल आणि समाधान कुठे असेल, हे बऱ्यापैकी आपोआप सुचायला लागतं.

एकच फूल, आणि शक्यतो ट्यूलिप

गुच्छ घेऊ नका. गुच्छात नजर फिरत राहते, ठरत नाही. एक फूल घ्या आणि ते पारदर्शक बाटलीत ठेवा, म्हणजे पाण्याखालचा देठही दिसेल. बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवून पाण्याच्या पातळीवर पेन्सिलने रेघ मारा. दिवसातून दोनदा नवी रेघ मारली, की फूल किती पाणी पितं ते डोळ्यांना दिसतं. स्टीफन हेल्स या इंग्रज संशोधकांनी १७२४ मध्ये सूर्यफुलाचं रोप कुंडीसकट पुन्हा पुन्हा तोलून ते दिवसभरात किती पाणी हवेत सोडतं याचा हिशेब मांडला होता. आपल्याला तेवढ्या काटेकोरपणाची गरज नाही, पण पाण्याचा हिशेब ठेवल्याशिवाय फुलाचा दिवस कळत नाही असं मला मनापासून वाटतं.

पहिल्या खेपेला गुलाब टाळा. गुलाबावर माणसांनी इतकं काही लादून ठेवलंय, की त्याच्याकडे कोऱ्या नजरेने बघणं फार अवघड जातं. लिली चांगली. सगळ्यात चांगलं ट्यूलिप, कारण ते गप्प बसत नाही.

ट्यूलिपच्या मागे पांढरा कागद उभा करा आणि सकाळी त्याच्या देठाची बाह्यरेषा त्या कागदावर काढा. दुपारी पुन्हा काढा, संध्याकाळी पुन्हा. आधीची रेषा खोडायची नाही, तिच्या शेजारी फक्त वेळ लिहायची. कापल्यानंतरही ट्यूलिपचा देठ वाढत राहतो, पाण्यात ठेवल्यावर काही सेंटिमीटर तरी लांब होतो, आणि वाढता वाढता उजेडाकडे झुकतो. चित्र काढणाऱ्याची यात परीक्षाच असते. एका पाकळीची छटा लावून होईपर्यंत दुसरी पाकळी जागा सोडून गेलेली असते. मला मात्र हे फार आवडतं. संध्याकाळी कागदावर रेषांची जी गर्दी झालेली असते, तिच्यात कुठेही मरणाची चाहूल नसते. तिथे एका दिशेने चाललेला, अजिबात घाई नसलेला एक हट्ट दिसतो.

पाकळ्यांकडेही असंच बघा. खोली उबदार झाली की ट्यूलिप उघडतं, गार झाली की मिटतं. ऊब लागल्यावर पाकळीच्या आतल्या बाजूच्या पेशी भराभर वाढतात आणि पाकळी बाहेर कलते. गारव्यात बाहेरची बाजू पुढे जाते आणि पाकळी आत येते. याचा अर्थ असा, की ही उघडझाप दारासारखी नाही, ती वाढ आहे. दर खेपेला पाकळी थोडी लांब होते. पहिल्या दिवशीचं मिटलेलं ट्यूलिप आणि चौथ्या दिवशीचं मिटलेलं ट्यूलिप शेजारी ठेवून पाहिलं तर हे सहज दिसतं. एक भिंग जवळ असू द्या, साधं दहापट मोठं दाखवणारं पुरे. पाकळीच्या तळाशी, पुंकेसरांच्या आसपास ते फिरवलं, की लिहायला विषय शोधावा लागत नाही.

कापल्याचा क्षण कसा लिहायचा

इथे बहुतेकांची लेखणी भरकटते, म्हणून जरा थांबून सांगते.

झाडात पाणी मुख्यतः वरून ओढलं जातं. पानांतून वाफ होऊन पाणी बाहेर पडतं आणि त्या ओढीने देठातल्या बारीक नळ्यांमधला पाण्याचा स्तंभ ताणला जातो, ताणलेल्या दोऱ्यासारखा. या नळ्या मेलेल्या पेशींच्या असतात. झाडातला सगळ्यात वाहता भाग निर्जीव असतो, ही गोष्ट लिहिताना लक्षात ठेवण्याजोगी आहे. कात्री चालली की तो ताण सुटतो, पाणी झटकन वर सरकतं आणि मोकळ्या तोंडातून हवा आत शिरते. कापल्या क्षणी फुलाच्या शरीरात ठळकपणे घडतं ते हे: जिथे पाणी होतं तिथे हवा आली. तुमचं पहिलं वाक्य या हवेबद्दल असू द्या. ते रक्ताबद्दल किंवा अश्रूंबद्दलच्या वाक्यापेक्षा कितीतरी जास्त अंगावर येतं, आणि ते खरं असतं.

मग वेदनेचं काय, असा प्रश्न दरवेळी येतो, आणि तो रास्त आहे. जगदीशचंद्र बसूंनी १९०१ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये वनस्पतींचे विद्युत प्रतिसाद लोकांसमोर दाखवले होते. २०१८ मध्ये अरेबिडॉप्सिस या छोट्या रोपाच्या एका पानाला इजा केल्यावर कॅल्शियमची लाट दूरच्या पानांपर्यंत जाताना संशोधकांनी चित्रित केली, तीही मिनिट-दोन मिनिटांत पोहोचणारी. २०२३ मध्ये तेल अवीव विद्यापीठातल्या गटाने टोमॅटो आणि तंबाखूच्या रोपांचे आवाज टिपले. खोड कापलेली किंवा पाण्यावाचून ठेवलेली रोपं आपल्या कानांना ऐकू न येणारे टिकटिक आवाज निरोगी रोपांपेक्षा जास्त करत होती. देठातल्या नळ्यांत हवेचे बुडबुडे तयार होणं आणि फुटणं हे त्यामागचं संभाव्य कारण त्यांनी सुचवलं. पुन्हा हवाच.

यावरून झाड किंचाळतं असं लिहायचा मोह होतो. तो आवरा. वनस्पतीला मज्जातंतू नाहीत, मेंदू नाही. इजा झाल्याची खबर तिच्या अंगभर जाते एवढं आपल्याला माहीत आहे, आणि मला तेवढं पुरतं. खबर पोहोचणं आणि दुखणं यांच्यामध्ये जी मोकळी जागा आहे, तिथेच तर कल्पनेला काम आहे. दुखण्यावाचून पोहोचलेली बातमी कशी असेल? "काहीतरी संपलं" असं कळणं, पण त्याबरोबर कळवळणं नसणं. यावर अर्धं पान लिहून बघा. अवघड आहे, पण असं काही आपण एरवी कधी लिहीत नाही.

आणखी एक. कापल्यावर दोन तुकडे होतात, एक नाही. मागे राहिलेल्या झाडाचाही विचार करा. शेंड्याकडून खाली येणाऱ्या ऑक्सिन नावाच्या संप्रेरकामुळे खालच्या कळ्या दबून असतात. शेंडा गेला की तो दाब उठतो आणि कापलेल्या जागेच्या खालचा एखादा डोळा फुटायला लागतो. म्हणजे "आईपासून तोडलं" या वाक्यातली आई त्याच आठवड्यात नवी फांदी काढायच्या तयारीला लागलेली असते. हे कठोर वाटेल, मला ते दिलासा देणारं वाटतं. फुलाने झाडाच्या वतीने रडत बसायची गरज उरत नाही.

मग फुलाकडे खरोखर काय कमी असतं? पाणी तर बाटलीत आहे. कमी असतं ते मुळांकडून येणारं. मुळं फक्त पाणी आणि क्षार पाठवत नाहीत, सायटोकायनिन नावाची संप्रेरकंही पाठवतात, आणि ती म्हातारपण लांबवतात. बाटलीतलं पाणी वर चढतं, पण त्यात मुळांचा हा निरोप नसतो. कापलेल्या फुलाविषयी मला माहीत असलेल्या सगळ्या गोष्टींत ही मला सगळ्यात जवळची वाटते. लिहिणाऱ्याला पोटात कालवाकालव हवीच असेल तर ती इथे आहे: पाणी येतं, पण कोरं येतं. शेवंतीच्या देठाला कधीकधी फुलदाणीतच पांढरी बारीक मुळं फुटतात. तशी दिसली तर पाणी बदलताना ती मोडू नका, आणि त्या दिवशी फुलाच्या तोंडून काय लिहायचं ते तुम्हाला सांगायला लागणार नाही.

त्याला काय कळतं, काय कळत नाही

कागदाचे दोन भाग करा. एका बाजूला जे कळतं ते, दुसऱ्या बाजूला जे कळत नाही ते. लिहिताना हा कागद समोर हवाच.

उजेड कळतो, आणि तो कुठून येतोय हेही कळतं. वळायला निळा उजेड विशेष कारणी लागतो. खिडकी मात्र कळत नाही, खिडकीबाहेरचं झाड तर नाहीच. वर कुठे आणि खाली कुठे हे कळतं, कारण देठातल्या काही पेशींमध्ये स्टार्चचे जड कण असतात आणि ते खालच्या बाजूला बसतात. ग्लॅडिओलसची दांडी आडवी ठेवून बघा, काही तासांत तिचा शेंडा वर वळायला लागतो. ऊब आणि गारवा कळतो.

वेळही कळते, आणि यावर लोकांचा पटकन विश्वास बसत नाही. कॅलान्चो या जाड पानांच्या रोपाची फुलं झाडावरून काढून साखरेच्या पाण्यावर, एकसारख्या अंधारात ठेवली, तरी कित्येक दिवस ती साधारण दिवस-रात्रीच्या तालावर उघडत आणि मिटत राहतात. निशिगंधाची दांडी घरात आणली तरी तिचा वास अंधार पडल्यावर दाटतो, कारण तो रात्री उडणाऱ्या पतंगांसाठी असतो. झाड सुटलं तरी घड्याळ सुटत नाही. तुमच्या मजकुरात सकाळ, दुपार, रात्र जरूर आणा. वार आणि तारीख आणू नका.

हवेतला एक वायूही फुलाला कळतो. इथिलीन. पिकणारी फळं तो सोडतात, कोमेजणारी फुलंही सोडतात. गॅसच्या दिव्यांच्या वायूमुळे वाटाण्याची रोपं वाकडी वाढतात त्याला त्यातलं इथिलीन कारणीभूत आहे, हे दिमित्री नेल्युबोव या रशियन संशोधकाने १९०१ मध्येच दाखवलं होतं, म्हणजे बसूंच्या प्रयोगाच्या वर्षीच. कार्नेशनला तो वायू लागला की त्याच्या पाकळ्या आत वळून झोपल्यासारख्या होतात आणि मग उठत नाहीत. फुलाशेजारी पिकलेली फळं ठेवू नका म्हणतात ते यासाठीच. पण लिहिणाऱ्याने यातली दुसरी बाजूही बघावी: शेजारचं फूल म्हातारं होतंय ही बातमी या फुलाला हवेतून मिळते. फुलांच्या आपसात एक बोलणं असेल, तर ते असं आहे.

आता न कळणाऱ्या गोष्टी. तुमचा चेहरा. फुलदाणीचा रंग. कोणी कोणाला कशासाठी फूल दिलं ते. आपण सुंदर आहोत हे. शेवटचं खोडायला सगळ्यात जास्त जिवावर येतं, पण खोडाच. फुलाचा रंग फुलासाठी नसतो. पाकळीवरच्या रेघा कीटकाला मधापर्यंतची वाट दाखवायला असतात, आणि काही फुलांवरच्या खुणा तर आपल्याला दिसतही नाहीत, मधमाशीला अतिनील प्रकाशात दिसतात. आरशासमोर उभं असलेलं फूल तुमच्या लिखाणात आलं, तर समजा की तिथे तुम्ही उभे आहात.

वाट पाहणं

फुलाचं सगळ्यात मोठं काम कुणीतरी येण्याचं आहे. लिलीची कळी उमलते तेव्हा पुंकेसरांची टोकं गुळगुळीत आणि बंद असतात. मग ती उलतात आणि पूड बाहेर येते, हाताला लागली की सहजी निघत नाही अशी. मधली कुक्षी, म्हणजे परागकण जिथे येऊन पडायचे ते टोक, ओलसर, चिकट होते. भिंगातून पाहिलं तर तिच्यावरचा ओलावा चमकताना दिसतो. हे सगळं फुलदाणीत, बंद खोलीत, तितक्याच निगुतीने होतं. कोणी येणार नाही हे कळायची सोय फुलाला नाही.

त्यातही एक गोष्ट अशी आहे, की ती पहिल्यांदा वाचली तेव्हापासून माझं फुलांकडे बघणंच बदललं. बऱ्याच फुलांमध्ये परागकण कुक्षीवर पडले की पाकळ्यांचं काम संपतं आणि त्या लवकर कोमेजतात. परागण झाल्यावर फूल स्वतःच इथिलीन तयार करायला लागतं. फॅलेनॉप्सिस ऑर्किडला कोणी भेटलं नाही तर ते कित्येक आठवडे ताजं राहतं. परागण झालं की काही दिवसांतच मलूल होतं. कार्नेशन आणि पेटुनियाचंही असंच. तेव्हा "यंदाचं ऑर्किड काय सुरेख टिकलंय" असं आपण कौतुकाने म्हणतो, तेव्हा फुलाच्या बाजूने ती लांबलेली प्रतीक्षा असते. त्याचं ताजेपण म्हणजे अजून कोणी न आल्याची खूण.

फुलाला दुःख द्यायचंच असेल तर कात्रीपाशी देऊ नका, इथे द्या. आणि तेही पूर्ण दुःख करू नका, कारण वाट पाहणाऱ्याला अजून हरल्याचं माहीत नाही. माझ्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांना ही जागा सापडते, त्यांचं लिखाण एकदम शांत होतं. उद्गारचिन्हं गळून पडतात.

प्रत्येक फुलाची वाट पाहायची तऱ्हा वेगळी असते, तेवढी नोंद करा. जर्बेरा किंवा शेवंती म्हणजे एक फूल नसतं, तो शेकडो बारीक फुलांचा मेळा असतो आणि तो बाहेरच्या कड्यापासून आत उमलत जातो. तिथे वाट पाहणारे पाळीने उभे असतात. भरगच्च पाकळ्यांच्या गुलाबात कितीतरी पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, म्हणून त्याच्याकडे द्यायला पराग कमी. त्याच्या मनात काय असेल, यावर मला स्वतःला अजून मनासारखं लिहिता आलेलं नाही, आणि मी ते सोडलेलंही नाही.

फुलाने बोलायचं कसं

मराठीत लिहिताना पहिल्याच वाक्याला अडचण उभी राहते. "मी उमललो" लिहायचं, "मी उमलले" लिहायचं, की "मी उमललं"? ट्यूलिप, लिली, गुलाब यांच्या एकाच फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात. पुरुष म्हटलं तर खोटं, स्त्री म्हटलं तर अर्धं, आणि "मी उमललं" कानाला लहान मुलाच्या बोलण्यासारखं लागतं. माझा सल्ला असा, की हा निवाडाच करू नका. "मला" ने सुरू होणारी वाक्यं लिहा. मला ऊब लागते. मला उजेड कळतो. मला वळावं लागतं. अशा वाक्यात लिंग दिसत नाही, आणि त्याहून मोठा फायदा म्हणजे फूल कर्ता म्हणून मिरवत नाही, त्याच्या बाबतीत गोष्टी घडतात. फुलाच्या जगण्याला हे वाक्य अगदी अंगासरशी बसतं.

क्रियापदं निवडून घ्या: भरणं, ताठणं, सैलावणं, झुकणं, कलणं, मिटणं, उलणं, झिरपणं, गळणं. बघणं, ऐकणं, आठवणं, इच्छिणं ही टाळा. काळ शक्यतो वर्तमान ठेवा. भूतकाळ आला की आठवण येते, आणि आठवण आली की आई येते. उपमा एकही नको. फुलाने दुसरं काही पाहिलेलंच नाही, तर ते कशाची उपमा देणार?

एक नमुना देते. वर्गात साधारण असा मजकूर येतो:

"मी बागेची राणी होते. एका सकाळी क्रूर हातांनी मला छाटलं. आता या काचेच्या तुरुंगात मी खिडकीबाहेरच्या आभाळाकडे बघत शेवटचे श्वास मोजते आहे."

यातली राणी, क्रूरपणा, काच, तुरुंग, खिडकी, आभाळ, बघणं आणि मोजणं काढलं तर शिल्लक काय राहतं? श्वास. तो मात्र ठेवा, कारण फूल खरोखर श्वसन करतं. त्याच ट्यूलिपसमोर दिवसभर बसून, रेषा काढून, पाण्याची पातळी बघून मी जे लिहिलं ते असं:

"खालून पाणी येतं. खालून आणखीही काही यायचं असतं, ते येत नाही. एका बाजूला उजेड आहे. दुसरी बाजू लांब होते, म्हणून मान उजेडाकडे चालली आहे. ऊब आली. पाकळ्यांची आतली बाजू वाढते, मला उघडावं लागतं. आत जागा आहे. ती कोणासाठी आहे हे मला ठाऊक नाही, केवढी आहे ते ठाऊक आहे. ऊब गेली. बाहेरची बाजू वाढते. जागा झाकली जाते. जागा तेवढीच आहे, पाकळी मोठी झाली आहे."

हे उत्तम आहे असं मी म्हणत नाही, पण यातलं एकही वाक्य कोकराला लावता येणार नाही.

आनंद कसा लिहायचा हेही विचारतात. फुलाचा ताठपणा म्हणजे पेशींत भरलेल्या पाण्याचा दाब. तेव्हा त्याला आनंद द्यायचा तर भरून येण्याचा द्या. तो प्रत्यक्ष बघायलाही मिळतो. गुलाबाची मान फुलाच्या अगदी खाली मोडल्यासारखी कलते तेव्हा बाटली भरलेली असते, पण देठाचं तोंड हवेने नाहीतर जिवाणूंच्या चिकट थराने बुजलेलं असतं. पाण्यात उभं राहून तहानलेलं. अशा वेळी देठाचा खालचा तुकडा पाण्याखाली धरून तिरका कापा, फूल कागदात सैलसर गुंडाळून सरळ उभं ठेवा. फार उशीर झाला नसेल तर काही तासांत मान परत उभी राहते. त्या काही तासांत त्याच्याजवळ बसा आणि लिहा. मी याच वेळात माझी सगळ्यात बरी पानं लिहिली आहेत.

एरवीची निगा थोडक्यात: पाणी रोज किंवा दिवसाआड बदला, बाटली घासून धुवा, पाण्यात बुडणारी पानं काढून टाका, आणि ताजं कापलेलं नर्गिस ट्यूलिपच्या पाण्यात लगेच घालू नका, त्याचा चिकट रस ट्यूलिपला बाधतो.

शेवटचे दिवस

इथे घाई करू नका, कारण म्हातारपण हे मोडणं नसतं, तेही फुलाचं कामच असतं. कोमेजणारी पाकळी आपली प्रथिनं आणि साखर मोडून परत खाली पाठवायला लागते, बीजांडं जिथे असतात त्या दिशेला. बीज धरलेलं नसलं तरी बरंच काही पाठवलं जातं. लाल गुलाबाच्या पाकळ्या वयाबरोबर निळसर-जांभळ्या होतात, कारण पेशीतल्या रसाची आम्लता कमी होते आणि तोच रंग वेगळा दिसायला लागतो. माझ्या रंगपेटीतल्या सगळ्यात अवघड छटा या दिवसांतल्या आहेत.

तुमचं फूल सुकतं की गळतं, ते नक्की बघा, कारण शेवट त्यावर ठरतो. कार्नेशन सुकतं, त्याच्या पाकळ्या जागेवरच चुरगळतात. ट्यूलिपच्या पाकळ्या गळतात, आणि गळताना पुष्कळदा चांगल्या तजेलदार असतात. पाकळीच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर असतो, तो स्वतःहून सुटा होतो आणि पाकळी सोडून दिली जाते. ही सोडवणूक आतून होते. सुकणाऱ्या फुलाच्या तोंडी सोडून देण्याची भाषा घालू नका आणि गळणाऱ्याच्या तोंडी झिजण्याची.

पान लिहून झालं की ते एकदा मोठ्याने वाचा आणि प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारा: हे या फुलाला कुठून कळलं? उजेडातून, उबेतून, पाण्यातून, वजनातून, वेळेतून, हवेतून, यापैकी उत्तर मिळालं तर वाक्य राहू द्या. मिळालं नाही तर खोडा, कितीही सुंदर असलं तरी. पान निम्मं झालं तर होऊ द्या. मग चित्र काढायला बसा. देठाची पहिली रेषाच वेगळी येते.

ट्यूलिप जमलं की पुढचं फूल म्हणून ग्लॅडिओलस घ्या. एका दांडीवर दहा-पंधरा फुलं, आणि ती खालून वर उमलत जातात. खालचं कोमेजलेलं असतं, मधलं भर बहरात असतं, वरची कळी अजून हिरवी. पाणी सगळ्यांना एकाच देठातून येतं. आता "मला" म्हणायचं कोणी, ते आधी ठरवा. एकेकाला बोलतं करून बघा, मग सगळ्यांना मिळून "आम्हाला" म्हणायला लावा. दोन्ही पानं शेजारी ठेवून वाचा, आणि जे पान खोडायला कमी लागलं त्यावरून पुढे लिहा.